माशीवरची चमक

मंगळवार, ३ डिसेंबर १९६३. अकोला

दोनशे एकवीस! तीनशेपैकी. पाहिजेत अडीचशे.

सकाळी शाळेच्या मैदानात ह्याच बंदुकीनं, ह्याच हातांनी दोनशे अठ्ठावन्न केले होते. संध्याकाळी हॉलमध्ये नेम धरला आणि छर्रे जे वर चढायला लागले ते थांबेचनात. डोळा तोच, हात तोच. मग हॉलमध्ये शिरल्यावर होतं काय? आणि परीक्षा व्हायची ती हॉलमध्येच. हुकुमात साफ लिहिलंय — बंदिस्त जागेत, तेहेतीस फुटांवरून, तीस छर्रे. तारीख २५ जानेवारी.

चीनच्या लढाईनंतर शाळेला दोन एअरगन मिळाल्या. मुलींना शिकवायला बायांपैकी कोणी पुढं होईना. मी झाले. इतर बाया गालात हसल्या. हसू देत. परीक्षा पास झाले तर कवायतीची जागा कायम होते. नापास झाले तर माझी ही तात्पुरती नोकरी एप्रिलअखेर संपली. मग परत अमरावती, देवमनदादाचं घर, शकुनवहिनीच्या स्वयंपाकघरातला कोपरा. आणि धामणगावचा तो बिजवर. दोन पोरांचा बाप. तो तयारच बसलाय म्हणे!

मला नाही जायचं. एवढं इथं लिहून ठेवते.

गुरुवार, ५ डिसेंबर

दोनशे अठरा. आज काही लिहायचं नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पांढरं लुगडं नेसून शाळेत गेले. कोणी विचारलं नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळी सुंदराबाईंनी मेणबत्ती लावली. ह्या माझ्या घरमालकीण. एक खोली त्यांची, एक माझी, मध्ये न्हाणी. दोघींनी मिळून त्रिशरण म्हटलं. त्यांचा आवाज खणखणीत, माझा त्याखाली दबलेला. एरवी आमचं बोलणं पाण्यापुरतं आणि सरपणापुरतं. बाई चांगल्या आहेत, पण त्यांचा जीव सगळा बार्शीटाकळीच्या लेकीत. ती बाळंतपणाला टेकलीय.

आबांची फार आठवण आली. छप्पनला नागपूरहून आले, देव्हाऱ्यातलं सगळं फडक्यात बांधलं आणि नदीत सोडून आले. मग रिकाम्या कोनाड्यासमोर बराच वेळ बसून राहिले. "आता मोकळं वाटून राह्यलं," म्हणाले. मी तेव्हा बावीस वर्षांची. त्यांनीच मला शिकवलं, म्हणून लग्न लांबलं. ते गेले, आणि लांबलेलं लग्न दादाच्या गळ्यात पडलं. त्याचंही काय चुकलं म्हणा.

सोमवार, ९ डिसेंबर

सापडलं!

नळीच्या टोकावर ती बारीकशी खुंटी असते ना, तिला पुंजाजी माशी म्हणतो. (पुंजाजी आमच्या शाळेचा शिपाई. तरुणपणी एका शिकारी साहेबाकडे होता, त्यामुळे बंदुकीतलं त्याला मोठ्या बाईंपेक्षा जास्त कळतं.) तर ह्या माशीच्या डोक्यावर बल्ब चमकतो. माझ्या डोक्यावर टांगलेला, शंभराचा. चमकलेलं टोक मागच्या पांढऱ्या पुठ्ठ्यात मिसळून जातं आणि माशी मला बुटकी दिसते. म्हणून मी तिला उचलते. म्हणून छर्रा वर जातो! मैदानात मी निंबाच्या सावलीत उभी असते, तिथं चमकायला काही नाहीच.

तळहाताची सावली माशीवर धरून पाहिली. लगेच काळी, ठसठशीत, पुरी उंचीची. पण एका हातानं सावली धरायची तर नेम कशानं धरायचा?

पुंजाजी म्हणाला, "काळी करा तिले. काळी कुट्ट. साहेब करे."

"कशानं करायचा साहेब?"

"थे नाई पाह्यलं मी. मी तं चहा करो."

पाच-पाच छर्रे झाले की चालत पुठ्ठ्यापाशी जायचं, भोकं पाहायची, परत यायचं. आकडे मी मोठ्यानं म्हणते. आठ! नऊ! सात — मर मेले! पुंजाजी कुलूप उघडून देतो आणि मुलींच्या माठांत पाणी भरायला निघून जातो. मग त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी एकटी. आकडा वरच्या पत्र्याला लागून परत येतो. दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेलं नसतं असं नाही — "बाई, जाऊ का?" "बाई, पाणी पिऊ का?" — पण ते बोलणं काय बोलणं.

शेवटच्या पाचांत आजही घाई झाली. नेहमीचंच. संपत आलं की मला धीर धरवत नाही.

बुधवार, ११ डिसेंबर

सुंदराबाई नातवंडासाठी काजळ पाडत होत्या. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी तांब्याची ताटली, मग ती काजळी बोटानं खरवडून घरच्या तुपात खललेली. पाहता पाहता डोक्यात आलं. म्हटलं, एक बोट मला द्या.

"घाला ना बाप्पा! एवढे चांगले डोये हायेत तुमचे."

"मला नको. बंदुकीला."

त्यांनी ताटली बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बंदुकीले काजळ अन् तुमाले काई नाई. उलटंच हाय तुमचं."

दिलं मात्र. चिंधीत बांधून आणलंय. किती वर्षं झाली मी काजळ घातलं नाही, आठवत नाही. कोणी घालू नको म्हटलं नव्हतं. आपोआपच राहून गेलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

दोनशे सात!! आजवरचा नीचांक.

तुपानं घात केला. काळं झालं ते झालं, पण तेल लावलेल्या केसांसारखं चकचकायला लागलं. आधी नुसतं टोक चमकायचं, आता सगळी माशी. त्यात शाळेमागे जिनिंग. डिसेंबरात अख्ख्या अकोल्यावर कापूस उडत असतो, चहाच्या कपात पडतो, पुस्तकात निघतो. तो येऊन त्या तुपाला चिकटला. वीस छर्ऱ्यांनंतर पाहते तर माशीला पांढरी दाढी!

मला इतकं हसू आलं की बंदूक खाली ठेवावी लागली. एकटी, खदाखदा. "दाढी आली हो माशीला!" असं ओरडलेसुद्धा. हॉलमध्ये आणखी कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. पत्रा आहे तो. मग एकदम ओशाळले. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईचं डोकं फिरलं.

घरी येऊन सांगितलं तर सुंदराबाई म्हणाल्या, "माह्या काजळाले नाव ठेवता काय?" आणि निजायला गेल्या.

शनिवार, १४ डिसेंबर

पुंजाजीला आज सकाळी आठवलं. "कापूर, बाई! साहेब कापूर पेटवे. मले वाटे पूजा करते."

कापूर! छप्पनपासून आमच्या घरात कापराची वडी नाही. शाळा सुटल्यावर किराण्याच्या दुकानात गेले. कापूर मागताना उगीचच इकडंतिकडं पाहिलं, जसं काही चोरून दारू घेतेय. दुकानदार पुडी बांधत म्हणाला, "आरतीले का, बाई?"

"बंदुकीले."

त्यानं पुडी दोनदा बांधली.

घरी चिमट्यात पळी धरली, खाली वडी पेटवली. वास पसरला आणि सुंदराबाई धावतच आल्या.

"हे काय? आपल्या घरात कापूर? काहून? देव परत आनले का?"

त्यांना बसवलं, पळी दाखवली. वर धुराची मऊ काळी साय धरली होती. कोरडी, बोट लावलं तर उडून जाणारी. चमक नावाला नाही. त्या बराच वेळ वाकून पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "वास मात्र चांगला येते, नाई?" मी हो म्हटलं. दोघी तो वास घेत बसलो. आबा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. बहुतेक म्हणाले असते, दार उघडा, धूर जाऊ द्या.

मंगळवार, १७ डिसेंबर

कापराचा धूर थेट माशीला दिला. दोनशे एकोणचाळीस.

पहिले दहा तर अप्रतिम. माशी कोळशासारखी उभी. मग हळूहळू पुन्हा चमक. कारण कळायला तीन दिवस गेले, इतकी मी हुशार. प्रत्येक छर्ऱ्याला नळी बिजागरीपाशी खाली मोडून बंदूक भरायची असते. मोडायला हात कुठं धरतो? नळीच्या टोकाला. म्हणजे माशीपाशीच! धूर मी द्यायचा आणि पुसायचाही मीच. अंगठ्याचं मूळ रोज काळं होतं आणि ते मी रोज साबणानं धुतेय, पण डोक्यात प्रकाश पडत नाही.

हात खाली सरकवून धरला तर जोर दुप्पट लागतो. पंधराव्या छर्ऱ्यानंतर दंड थरथरतो, मग नेम कसला.

फळ्याचा काळा रंग लावावा असं मनात आलं. मोठ्या बाईंना विचारलं. "सरकारी बंदूक रंगवणार तुम्ही?" झालं. आणि परीक्षेत एकदा सुरुवात झाली की माशीला पुन्हा धूर द्यायची परवानगी नाही, हेही त्यांनी वाचून दाखवलं. तर धुरावर भागणार नाही. उजेडच हटवायला पाहिजे.

रविवार, २२ डिसेंबर

सुंदराबाई काल बार्शीटाकळीला गेल्या. आता फेब्रुवारीतच येतील. जाताना मला किल्ली दिली, तुळईला वाळवी लागत नाही ना ते पाहायला सांगितलं, मांजराला दूध घालायला सांगितलं. मांजर त्याच रात्री निघून गेलं.

आज सकाळपासून तोंडातून शब्द नाही. दुपारी तांदूळ निवडताना "खडा" असं म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले.

दादाचं पत्र आलंय. "पंचवीसनंतर मी येतो. निकाल काही लागो, एकदा पाहुण्यांना भेटून तर घे. किती दिवस अशी एकटी राहशील?" पत्र चांगल्या मनानं लिहिलंय, म्हणून जास्त राग आला. एकटेपणावर त्यानं काढलेला उपाय म्हणजे अनोळखी माणसाच्या दोन पोरांचं जेवण. तिथं जाऊन मी एकटी नसेन का? इथं निदान दार लावून एकटी आहे. पण हेही खरं, की आज पोस्टमन आला तेव्हा त्याला पाणी हवं का म्हणून मी दोनदा विचारलं.

उद्या हॉल आहे. रविवार मला आवडत नाहीत.

गुरुवार, २६ डिसेंबर

पुंजाजीनं डालड्याचा रिकामा डबा कापला आणि माझ्या डोक्यावरच्या बल्बाला टोपी घातली. बल्बही चार हात मागे नेला. आता उजेड जमिनीवर पडतो, माशीवर नाही. डब्यावरचं खजुराचं झाड उलटं लोंबतंय.

दोनशे चव्वेचाळीस! वर जाणं बंद. सहाच कमी.

"नऊ! नऊ! दहा!" असं ओरडत आले पुठ्ठ्यापासून. कुठंतरी एक टाळी वाजल्यासारखी. गल्लीत कोणी रोटी थापत असेल.

गुरुवार, २ जानेवारी १९६४

नवीन साल, नवीन दुखणं. आता सगळे छर्रे डावीकडे. वर नाहीत, खाली नाहीत. डावीकडे, एकावर एक. दोनशे एक्केचाळीस.

वाटलं आपलेच डोळे गेले. मग इतकी वर्षं शिकले त्याचा उपयोग केला. वरून उजेड पडला तेव्हा माशीचं डोकं दिसेनासं झालं आणि छर्रे वर गेले. आता डावीकडे जातायत, म्हणजे माशीची डावी बाजू दिसेनाशी होतेय. म्हणजे उजेड डावीकडून. माझा अंगठा धूर पुसतो तोही डाव्याच अंगाचा!

पण डावीकडे उजेड आहे कुठं? भिंत आहे.

सोमवार, ६ जानेवारी

भिंतीत खिडकी आहे. दीड महिना त्या हॉलमध्ये उभी आहे आणि आज पाहिली. उंचावर, तावदान फुटलेलं, नुसते गज. पलीकडे चार हातांची गल्ली, गल्लीपलीकडे एका घराची खिडकी. तिच्या गजाला वायरीनं एक बल्ब बांधलाय, उघडाच. त्याच्यामागे कोण आहे ते दिसत नाही. डोळे दिपतात.

स्टुलावर चढून पाहत होते. मी पाहतेय तेवढ्यात बल्ब जरा हलला.

नीट आठवलं तर तिकडून येणारा तो उजेड नव्या सालापासून रोजचाच आहे. मी सहाला येते तेव्हा लागलेला असतो. बंदूक पेटीत ठेवून मी कडी लावते, की थोड्या वेळानं तोही विझतो. माझ्यासारखंच घड्याळ लावून काम करणारं कोणी असेल. बरं आहे, करा काम! पण माझ्या माशीवर कशाला?

मंगळवार, ७ जानेवारी

पुंजाजी म्हणतो, "गफ्फार टेलरचं घर थे. काज-बटनं करतेत तिथं. पयले बलप आतच होता मशीनीपाशी. खिडकीत काहून आनला त्यायलेच माईत. सांगू का मी, काढा म्हनून?"

"नको. मी सांगते."

पुंजाजी सांगायला गेला की भांडण करून येतो. आणि ही माझी परीक्षा, मीच जाऊन नीट शब्दांत सांगेन. दोन मिनिटांचं तर काम. बल्ब हातभर आत घ्या, बस.

शनिवार, ११ जानेवारी

गेले होते. आले परत.

दारावर निळा पडदा. आत शिलाईचं मशीन चालू. मी पायरीपाशी उभी राहिले आणि पाय उचलेनात. आई आठवली. ती कोणाच्याही दारात गेली की पायरीच्या खाली, जरा लांब उभी राहायची आणि तिथून हाक मारायची. मला पदराशी धरून. हात लागू नये, सावली पडू नये. मी चांगली बी. ए., बी. टी. झालेली बाई. ह्या घरात तसलं काही नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण माझे पाय जिथं शिकले तिथंच राहिलेत. मुलींच्या वर्गात, मोठ्या बाईंच्या खोलीत बिनधास्त जातात, कारण तिथं काम असतं. पण कोणाच्या घराच्या दारात, काही मागायला — नाही उचलत.

मशीन थांबलं. आता कोणीतरी "कोन हाय?" विचारणार. त्याच्या आत मी वळले आणि झपझप निघाले. लाज वाटली. अजून वाटतेय.

शुक्रवार, १७ जानेवारी

रोजे सुरू झालेत. आज समोरचा बल्ब उशिरा लागला. रोजा सोडत असतील. तोवर माझे दहा छर्रे झाले होते: एकही डावीकडे नाही. ब्याण्णव! मग बल्ब लागला. अकरावा डावीकडे. बारावा डावीकडे.

आठ दिवस राहिले. त्या दारात मी जाणार नाही हे मला कळून चुकलंय. मग दुसरा उपाय. मोठ्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला, त्याला फळ्याचा काळा रंग दिला (पुठ्ठा सरकारी नाही!), शिडी मागवली आणि खिडकीवर ठोकला. पुंजाजी शिडी धरून होता. खिळे मीच मारले. शेवटच्या खिळ्याला फटीतून समोर काहीतरी हललं. मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काही बोलावं लागलं असतं.

आपल्याच भिंतीवर आपलाच पुठ्ठा. कोणाला विचारायचं कारण नाही.

सोमवार, २० जानेवारी

दोनशे सत्तावन्न!

हॉल फार शांत झालाय. पुठ्ठा उजेडाबरोबर आवाजही खातो की काय. आज आकडे मनातच म्हटले. मोठ्यानं म्हणायची मजा गेली. असं का वाटावं ते कळत नाही. पूर्वी तरी कोण ऐकत होतं?

गुरुवार, २३ जानेवारी

दोनशे एकोणसाठ. झोप नाही. कापूर आणून ठेवला.

शनिवार, २५ जानेवारी

दोनशे एकसष्ट.

अमरावतीहून दोन साहेब आले होते. एक जाड, एक खोकणारा. आधी माशीला धूर दिला तेव्हा जाड साहेबानं नाक वर करून विचारलं, "हा कापराचा वास कुठून?" मी म्हटलं, "माझ्या बंदुकीचा." त्यानं वाकून माशी पाहिली आणि दुसऱ्याला म्हणाला, "बघा. अक्कल आहे." एवढंच. पण ऐकून छाती भरून आली.

हात खाली सरकवून धरला. दंड भरून आला पण धूर पुसू दिला नाही. पंचवीस छर्ऱ्यांना दोनशे बावीस. मग पुन्हा माझं जुनं दुखणं! संपत आलं, संपत आलं, म्हणत शेवटचे पाच मी असे सोडले की जसं दूध उतू चाललंय. आठ, सात, नऊ, सात, आठ. एकोणचाळीस. निभावलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ठीक. जागेचा कागद पाठवू." खोकणाऱ्या साहेबानं सही केली. साडेसातला गाडी होती, गेले.

मी राहिले! इथंच राहिले. दादाला लिहिलं: येऊ नकोस.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. मुलींची कवायत छान झाली. मग सगळ्या आपापल्या घरी.

दादाला लिहिलेलं पत्र उद्या निघेल, परवा-तेरवा पोचेल. सुंदराबाई बार्शीटाकळीला. पुंजाजीला मुलगी झाली, तो गावी. आजचा सगळा दिवस त्या आकड्याला घेऊन बसले. कायमची नोकरी! हे मला हवं होतं, मिळालं. पण मिळाल्याचं सांगायला एक माणूस नाही. दुपारी आरशापुढं जाऊन सांगून पाहिलं. वेड्यासारखं वाटलं. रडले. स्पष्टच लिहिते, बराच वेळ रडले.

दादा म्हणत होता ते अगदीच खोटं नव्हतं की काय?

मंगळवार, २८ जानेवारी

मधल्या सुट्टीत एक म्हातारा आला. खांद्यावर शिलाईची पट्टी. आत या म्हटलं तरी येईना, पायरीखालीच उभा.

"मी अब्दुल गफ्फार, टेलर. बाई, माफी करा. माही लेक आबेदा पायानं अधू हाय, घराबाहेर निघत नाई. दोन महिन्यांपासून खिडकीत बसून काज करे. तुमचे आकडे ऐकाले. म्हनून तं बलप तिथं टांगला. आता पुठ्ठा लागला, तिले काईच ऐकू येत नाई. शनिवारपासून जीव खाऊन राह्यली माहा — बाईचे किती झाले, विचारून या."

म्हटलं, मीच सांगते तिला.

संध्याकाळी शिडी लावली, खिळे उपटले, पुठ्ठा काढला. समोरच्या खिडकीत अंधार. बल्ब आत नेलेला. गजाला तोंड लावून मी मोठ्यानं म्हणाले, "आबेदा! दोनशे एकसष्ट!"

आत काहीतरी फरफटत खिडकीपर्यंत आलं. धाप लागलेला, कोवळा आवाज —

"अन् आखरीच्या पाचात घाई केली असन तुमी!"

केली होती.